कागदावर ती घरीच होती

माझी धाकटी जाऊ विमानात नोकरी करते असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लिपस्टिक, स्कार्फ आणि परदेशी चॉकलेटं येतात. आमच्या सासूबाईसुद्धा म्हणायच्या, "ट्रेमधून कॉफी तर द्यायची, त्यात दमायचं काय?" पण धाकटी केबिनची प्रमुख आहे. उद्या आग लागली तर दरवाजा उघडून माणसं बाहेर काढायची जबाबदारी तिची. कॉफी नंतर.

त्या दिवशी ती अंधारातच घरातून निघाली. विमानतळावर पोचली, तपासणी झाली, सगळी मंडळी गणवेशात जमली आणि मग कळलं, त्यांचं विमान दुसऱ्याच शहरात अडकलंय. थोड्या वेळाने सगळ्यांचे फोन एकदम वाजले. कंपनीचा मेसेज: हजेरीची वेळ बदलली आहे, दुपारी या.

"या म्हणजे? आम्ही आलोय की!" नवीन लागलेली मुलगी म्हणाली.

घरी जाऊन यावं तर तेवढ्यात विमान यायचं. म्हणून सगळी तिथेच, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बूट काढायचे नाहीत, केस सोडायचे नाहीत, काचेपलीकडून प्रवासी बघतात. नियम असा की या लोकांचे कामाचे तास विमान सुटल्यापासून नव्हे, हजर झाल्यापासून मोजायचे. ते भरले की पुढचं उड्डाण बंद. धाकटी ड्यूटी लावणाऱ्या साहेबांकडे गेली.

"साहेब, आम्ही जाऊ. पण परतीच्या वेळी आमचे तास संपलेले असतील. तिकडे दुसरी माणसं ठेवा."

"तुमचे तास दुपारपासून धरलेत."

"मग सकाळपासून मी कुठे होते?"

"सिस्टीमप्रमाणे घरी."

"अहो, मघाशी तुम्हीच मला पाण्याचा कूलर दाखवलात!"

"ते मी माणुसकीने दाखवलं," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

हे मला सांगताना ती हसत होती. मला मात्र संताप आवरेना. जिवंत बाई समोर उभी आहे आणि तिला सांगतात, तू इथे नाहीसच!

दुपारी विमान भरून ती गेली. पलीकडे उतरल्यावर तिने स्पष्ट सांगितलं, परत उडणार नाही. कॅप्टन म्हणाले, "ताई, माझी रिटायरमेंट जवळ आलीय, मला यात ओढू नका." प्रमुखाशिवाय विमान सुटत नाही. उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं. कंपनीने प्रवाशांना काय सांगावं? "कर्मचाऱ्यांनी काम नाकारलं." झालं, लोक तिच्यावर तुटून पडले. एकाने तोंडासमोर मोबाइल धरून विचारलं, "फुकटचा पगार घेताना लाज नाही वाटत?" तिचे डोळे जागरणाने इतके चुरचुरत होते, म्हणते, की त्याचा चेहराही नीट दिसला नाही.

घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, "कशाला नसती भानगड?" तेव्हा सासूबाईच कडाडल्या, "झोप न झालेल्या माणसाच्या हातात तू मला सोपवशील का?"

कंपनीने तिला उड्डाणांवरून काढलं आणि गणवेश वाटायच्या खिडकीवर बसवलं. वर "वर्तणूक सुधारण्यासाठी" समुपदेशन! तिने थेट सरकारी विमान खात्याकडे तक्रार केली. त्या सकाळी तिच्यासोबत ताटकळलेली बाकी सगळी म्हणाली, आम्हाला काही आठवत नाही. एकट्या त्या नवीन मुलीने साक्ष दिली. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: हजर असलेल्या माणसाचे तास तो आल्यापासूनच धरावेत. माफीचा एक शब्द नाही. पण धाकटीला पुन्हा विमान मिळालं.

आणि आता? आता वेळ बदलल्याचा तो मेसेज ती हजर व्हायच्या आतच, विमानतळाच्या वाटेवर गाडीत असताना येतो. "पोचला नव्हतात ना अजून?" असं वर विचारतात. धाकटीने पुन्हा तक्रार केली आहे. या वेळी सहीला चौघीजणी आहेत.