टाकीतलं टोरीचं तेल

आमच्या नाटक मंडळीत मी राणी झाले, भिकारीण झाले, दर हंगामाला निदान एकदा तरी विधवा झाले. धान घरात आलं की झाडीपट्टीतल्या गावागावांत आमचे मंडप पडायचे. पण नूर मोहम्मद नसते तर त्यातला एकही पडदा उघडला नसता. आम्ही सगळे, आमच्या ट्रंका आणि हार्मोनियम त्यांच्या डिझेल गाडीतून फिरायचो. रस्त्यात गाडी बंद पडली की नूरभाऊ बाहीसुद्धा न सावरता बॉनेटखाली शिरायचे, आणि आत डोकं घालून आमचेच संवाद आमच्यापेक्षा चांगले म्हणायचे. माझ्या विधवेचा विलाप तर त्यांना इतका पाठ होता की रहमतबी म्हणायची, "मी मेल्यावर यांले रडाले तरास नाई पडत. ताईचंच भाषन म्हनतीन."

रहमतबी त्यांची बायको. आमचे सगळे शालू, सगळे झगे तिच्या हातचे. आणि ती गेली तेव्हा नूरभाऊ एक शब्दही बोलले नाहीत.

गेल्या जानेवारीत त्यांची मुलगी आयशा एटापल्लीत बाळंत झाली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी प्रवास करू दिला नाही, आणि ती सासरीच राहिली. मुलगी झाली. निरोप आला तसे नूरभाऊ माझ्या दारात उभे. "ताई, चाला. रहमतचं तेल न्यायचं हाये."

कुठलं तेल हे मला सांगावं लागलं नाही. मोहाच्या बिया, म्हणजे टोरी. रहमतबी जंगलगावातल्या बुधरीबरोबर जाऊन टोरी वेचायची, तिच्याच घाण्यावर तेल काढून आणायची. मोहल्ल्यातल्या बायका नाक मुरडायच्या, पण तिच्या घरी पुऱ्या त्याच तेलात आणि गुडघ्यांनाही तेच तेल. शेवटच्या उन्हाळ्यात काढलेलं तेल तिनं पांढऱ्या कॅनमध्ये बाजूला ठेवलं होतं. "आयशाच्या लेकराची पहिली मालिश याचीच होईन," असं सांगून ठेवलं होतं, आणि स्वतः निघून गेली. आयशानंही बाळाला अजून दुसरं तेल लावू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहेरीहून आम्ही निघालो. मागच्या सीटवर रहमतबीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला कॅन, नवरीसारखा बसवलेला. थंडी अशी की सागाची पानंसुद्धा दंवानं ओथंबलेली. आलापल्ली सोडली, जंगल दाटलं, आणि चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि जीव सोडला.

"काऊन हो नूरभाऊ, पहिल्याच अंकात?"

"डिझेल नाई पोहोचून राह्यलं," ते म्हणाले. "फिल्टर चोक झाला असन. पाच मिनटं, ताई. तुम्ही तोपर्यंत एखादं पद म्हना."

सुटा फिल्टर ते नेहमी सीटखाली ठेवायचे. पाना लावून त्यांनी फिल्टरची वाटी उतरवली आणि उताणी केली. त्यातून डिझेल गळलं नाही. आत पिवळट, लोण्यासारखा गोळा बसला होता. त्यांनी तो बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. मग वाटी हातात धरून तसेच उभे राहिले.

"काय झालं?"

ते मागच्या दाराशी गेले, लुगड्याची गाठ सोडली, कॅनचं झाकण उघडलं. आत पाणी होतं. रेडिएटरसाठी भरून ठेवलेलं साधं पाणी.

त्यांनी तुटक तुटक सांगितलं तेव्हा मला उलगडलं. घरी एका कोपऱ्यात दोन सारखेच कॅन होते. निरोप आल्या दुपारी पंपावरून डिझेल आणायचं म्हणून त्यांनी दोन्ही हलवून पाहिले. एक डुचमळला, तो तेलाचा समजून जपून ठेवला. दुसरा मुका राहिला; तो रिकामा समजून पंपावर नेला. थंडीत टोरीचं तेल तुपासारखं थिजतं, हलवलं तरी आवाज करत नाही, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. पण नात झाल्याच्या आनंदात कोण आठवतं? तळाशी बसलेल्या थोड्याशा तेलावर डिझेल पडलं, मोटारसायकलवर उन्हातून घुसळत घरी आलं, विरघळलं आणि टाकीत गेलं. रात्रीच्या गारठ्यात ते पुन्हा थिजलं.

"बुधरीकडं दुसरं मिळेल," मी म्हटलं. "जाता जाता घेऊ."

"मिळन. पन ते बुधरीचं होईन, ताई." त्यांनी बोट धोतराला पुसलं नाही. "हे तिनं वेचलं होतं."

रडण्याचे सगळे प्रकार रंगमंचावर केलेली मी बाई. पण त्या क्षणी मी नुसतं कॅनचं झाकण लावलं आणि लुगड्याची गाठ पुन्हा बांधली.

ते कामाला लागले. वाटी चिंधीनं स्वच्छ पुसली. टाकीपासूनची नळी सोडून चाकात हवा भरायच्या पंपानं फुंकली. आतून मेणासारखे तुकडे उडाले. मग टाकीखाली सरकले. टाकीचं बूच सोडून सगळं घाण डिझेल जमिनीवर सोडायचं आणि कॅनमधून चांगलं भरायचं, हे काम मी त्यांना शंभरदा करताना पाहिलं होतं. पण आज भरायला कॅनमध्ये पाणीच होतं, आणि तेवढंच कारण नव्हतं. पाना बुचाला लागल्याचा आवाज आला. मग तेच बूच घट्ट आवळल्याचा आवाज.

ते बाहेर आले, पाठीला पाचोळा चिकटलेला. "मातीत नाई सांडवत मले," म्हणाले. "ऊन वर येऊ द्या. टाकी तापली की पातळ होईन. जाईन आपोआप."

"आणि मधेच पुन्हा थिजलं तर?"

"तर तुम्ही ढकला. राण्यांनी काय फक्त सिंहासनावर बसाचं?"

आम्ही रस्त्याकडेला उन्हात बसून राहिलो. ते अधूनमधून उठून टाकीला हात लावून पाहायचे, तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा. मग नवा फिल्टर बसवला, वरचा स्क्रू जरा सैल केला, छोटा हातपंप दाबायला लागले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. लाइनमधली हवा निघाली. स्क्रू आवळला, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

थोडं पुढे गेल्यावर धुराचा वास खिडकीतून आत आला. त्यांनी काच वर केली नाही, उलट होती तीही खाली केली. वास पुऱ्या तळल्याचा होता. नाटकाच्या मुक्कामी पहाटे परतल्यावर रहमतबीच्या चुलीपाशी यायचा, अगदी तोच. एटापल्लीपर्यंत ते गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे गेले.

आयशा अंगणापलीकडे दारात उभी होती, दुपट्यातलं बाळ छातीशी. आम्ही उतरायच्या आतच तिनं नाक वर केलं. "अब्बा, कोनाकडं तळून राह्यले? अम्मी तळाची तसा वास येऊन राह्यला."

नूरभाऊंनी इंजिन चालू ठेवून गाडीत बसल्या बसल्याच सगळं सांगितलं, मान खाली घालून. आयशाचे डोळे भरले. मग एकाएकी ती हसली. "म्हंजे अम्मीनं पोट्टीले सोडलं अन् गाडीची मालिश केली! जलमभर म्हनाची ना, या गाडीनं माहा नवरा खाल्ला म्हून!"

हसता हसता ती रडली, आणि बाळ चुळबुळलं.

"अब्बा, गाडी बंद करा आता. उठन ती."

"करतो ना," नूरभाऊ म्हणाले. किल्लीवर त्यांचा हात होता. तो त्यांनी फिरवला नाही.