टकरमन रॅव्हिन: मागच्या वर्षी जिथून परत फिरले

मार्चच्या शेवटच्या रविवारी शुभदाकाकूंचा फोन आला. "श्रूजबरीचं घर विकलं गं. जूनमध्ये अल्फारेटाला मुलाकडे कायमची चाललेय. टकरमन करायचं असेल तर याच एप्रिलमध्ये, नाहीतर तू जाणे." मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवूनही दिला.

काकू अडुसष्ट वर्षांच्या, निवृत्त भूलतज्ज्ञ. मला स्की करायला त्यांनीच शिकवलं, घराजवळच्या वाचूसेटच्या डोंगरावर, तेही मी अडतीसची असताना. दोन वर्षांपूर्वी तिथेच माझ्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, नऊ महिने फिजिओथेरपी झाली. मागच्या एप्रिलमध्ये काकूंबरोबर न्यू हॅम्पशरला, माउंट वॉशिंग्टनवरच्या टकरमन रॅव्हिनमध्ये गेले. तिथे उताराच्या पायथ्याशी उभं राहून "गुडघा दुखतोय" म्हणाले आणि परत फिरले. गुडघा अजिबात दुखत नव्हता. मी घाबरले होते. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि वर्षभर ते खात होतं. आता काकूच जाणार म्हटल्यावर माझ्याकडे हा एकच एप्रिल होता.

ज्यांना तिथे जायचं आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. टकरमनला लिफ्ट नाही. डोंगराच्या कुशीत वाडग्यासारखी खोल दरी आहे, हिवाळाभर वारा तिच्यात बर्फ आणून भरतो, आणि एप्रिलमध्ये लोक तीन मैल चालत तिथे पोचतात, स्वतःच्या पायांनी भिंत चढतात आणि मग खाली येतात. श्रूजबरीहून गाडीने साधारण तीन तास. आम्ही एका शुक्रवारी दुपारी निघालो आणि नॉर्थ कॉनवेच्या एका साध्या मोटेलमध्ये राहिलो. दोघींत मिळून एकशे तीस डॉलर, सकाळचा वॉफल फुकट. स्की, बूट वगैरे साधारण सत्तर डॉलर रोजाने भाड्याने मिळतात. हिमस्खलनाचा अंदाज सकाळी बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि बर्फात गाडलं गेल्यास सापडण्यासाठीचं यंत्र, फावडं, काठी हे सगळं बरोबर हवंच. वापरता येत नसेल तर आधी शिका. यावर मी वाद घालणार नाही.

शनिवारी साडेसातला पार्किंगमध्ये पोचलो. चढताना स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. एका बाजूने केसाळ, म्हणजे मागे घसरत नाही, आणि दुसऱ्या बाजूने गोंद. मी माझ्या स्किन उघडल्या तर गोंदाच्या बाजूवर पांढरी भुकटी. स्कीवर दाबली, तर पट्टी सुळकन निसटून खाली पडली. बोटाला लागलेली भुकटी मी चाटून बघितली आणि आईला फोन लावला. आई नाशिकहून चार महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे.

"अगं, त्या पट्ट्या एकमेकींना नुसत्या चिकटून बसल्या होत्या!" आई म्हणाली. "सोडवता सोडवता हात दुखले माझे. मग तांदळाची पिठी लावली जरा. लाटताना लावतो तशी. आता बघ कशा सुट्या झाल्यात."

"खूपच सुट्या झाल्यात, आई."

"मग! काय, चांगलं काम केलं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? काकू गाडीच्या डिकीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मला मात्र रडू येत होतं, कारण मनात पटकन आलेला विचार असा होता की बरं झालं, आता आयतं कारण मिळालं. त्या विचाराचीच मला इतकी चीड आली की मी स्की उचलल्या, पाठपिशवीच्या दोन्ही बाजूंना बांधल्या आणि म्हटलं, "चालत जाते."

"निम्मं पब्लिक चालतच जातं," काकू म्हणाल्या. त्यांनी आपल्या स्किन पिशवीत टाकल्या आणि स्की पाठीवर घेतल्या.

पाठीवर बारा-तेरा किलो, पायात ट्रेकचे बूट, आणि वाट पहिल्या पावलापासून चढाचीच. वरच्या लाकडी निवाऱ्यापर्यंत आम्हाला अडीच तास लागले. पोरं-टोरं भराभर पुढे जात होती. कुणी केळ्याचा पोशाख घातलेला, कुणी उघडाबंब, एका बाईच्या पाठीवर स्की आणि पोटाशी झोपलेलं कुत्रं. निवाऱ्यापाशी काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मॉसमधला आल्याचा चहा काढला. शेजारच्या दाढीवाल्याने वास घेतला तशी काकूंनी त्याच्या हातात दोन पुऱ्या ठेवल्या.

"व्हॉट इज दिस? इट्स अमेझिंग!"

"एनर्जी बार," काकू गंभीरपणे म्हणाल्या.

तिथून पाऊण मैलावर वाडग्याचा तळ. मागच्या वर्षी मी उभी होते तो दगडही ओळखू आला. समोर डावीकडे दोन खडकांच्या मधून वर गेलेली बर्फाची अरुंद पट्टी, तिला लेफ्ट गली म्हणतात. तिच्यावर मुंग्यांसारखी माणसांची रांग. "काकू..." मी सुरुवात केली.

"मागच्या वर्षी गुडघा दुखत नव्हता तुझा," त्या स्कीचे बूट आवळत म्हणाल्या. "कम ऑन, आय वॉज अ डॉक्टर. दुखणारा पाय असा टाकत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून भीती जाते थोडीच! आज काय दुखतंय?"

"काहीच नाही. भीती वाटतेय."

"मलाही वाटते. दर वर्षी. चल."

तीस वर्षं इथे येणाऱ्या बाईला भीती वाटते हे ऐकून मला जेवढं बळ आलं, तेवढं नऊ महिन्यांच्या फिजिओथेरपीनेही आलं नव्हतं. पुढच्यांनी बुटांनी खणलेल्या पायऱ्यांत पाय रोवत मी चढू लागले. पायऱ्या नाकासमोर यायच्या, इतका चढ उभा. खाली बघायचं नाही, एक पाऊल, एक श्वास. पन्नास मोजायचे, थांबायचं, पुन्हा पन्नास. पाऊण तासाने पायऱ्या संपल्या आणि वारा तोंडावर आला. वर उभं राहून मी स्की चढवल्या.

"तुम्ही पुढे व्हा," मी म्हटलं.

"नाही. आज तू पुढे."

दुपार झाली होती आणि बर्फ उन्हाने मऊ होऊन जाड रव्यासारखा झाला होता, हवा तस्साच. मी पहिलं वळण घेतलं. उजव्या गुडघ्यावर सगळा भार आला आणि त्याने तो पेलला. दुसरं वळण. तिसऱ्याला मी ओरडले, काय ते आठवत नाही, पण मराठीत होतं. मधल्या अरुंद जागेत क्षणभर तोल गेला आणि सावरला. मग गली रुंद झाली, वेग आला आणि मी मोठमोठी वळणं घेत त्या दगडाशेजारून तळापर्यंत आले. खडकांवर बसलेले अनोळखी लोक टाळ्या वाजवत होते. इथली रीतच आहे ती, पडलात तरी ओरडतात आणि उतरलात तरी. मी त्यांच्यासमोर हमसून हमसून रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. जिंकले होते मी! मागून काकू आल्या, माझ्याहून दुप्पट सुंदर वळणं घेत, आणि म्हणाल्या, "परत?"

परत गेलो. दुसऱ्या वेळी भीती निम्मी होती आणि मजा दुप्पट.

उतरताना निवाऱ्यापासून पार्किंगकडे जाणाऱ्या वाटेवर स्की करता येते. शेवटचा अर्धा मैल बर्फ संपला होता, तेव्हा स्की पुन्हा पाठीवर आणि बूट चिखलात.

घरी आल्यावर दोन दिवस जिना उतरता येत नव्हता आणि पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. आईने व्हिडिओ तीनदा पाहिला आणि नाशिकच्या तिन्ही मावश्यांना पाठवला. स्किनचा गोंद खरवडून नवा लावावा लागणार आहे.

पंधरा दिवसांनी काकूंकडे निरोपाचं जेवण होतं. वूस्टरला पीएचडी करणारी नागपूरची सायली आमची हकीकत कान देऊन ऐकत होती. जेवणं झाल्यावर ती जवळ आली. "काकू, पुढच्या वर्षी मला न्याल का तिथे? मला स्कीइंग अजिबात येत नाही."

मी शुभदाकाकूंकडे बघितलं. त्या स्वयंपाकघरात खोकी बांधत होत्या. सायली माझ्याशी बोलत होती.

"नेईन की," मी म्हटलं. "पण डिसेंबरपासून दर शनिवारी वाचूसेटला यायचं. सकाळी सात वाजता. उशीर चालणार नाही."