शेरूचा वाटा

अन् परवा कंदुरीला, नवसाच्या बोकडाच्या जेवणाला, सगळ्यात आधी कोण टपकलं, तर आमची विहीनबाई! मागून लेक अन् नात. घर भरलं, मी लई खूश. मटण जरा तिखटच झालतं, पण असू द्या.

नातीनं आमच्या शेरूला चघळायला रबरी हाडूक आणलतं. विहीनबाई हसल्या, "कंदुरीला कुत्र्याला रबर व्हय गं?"

मी म्हणलं, "मेंढरं राखतो, त्याचाबी वाटा हाय." मीच शिजलेली नळी टाकली.

आज दुपारी शेरू गेला. डॉक्टर म्हणले, शिजलेलं हाड फुटून आतड्यात घुसलं. नखानं दाबलं की दबंल असंच चघळायला द्यावं.

बायांनो, तुमी काय देता? नातीला अजून सांगितलं न्हाई. शेरूसंगं खेळायला रविवारी येते म्हणलीय.