कसर मारणारा

अलिबागला मुंबईवाल्यांचे बंद बंगले आहेत, तिथे किड्यांचं औषध मारायला तो येतो. मी त्यातल्याच एका बंगल्याचा राखणदार, म्हणून ओळख. पाठीला पंप, आणि बोलणं इतकं हळू, जणू घरात कोणी निजलंय. कापड दिसलं की डोळे मिटून आधी बोटांनी चाचपतो.

गेल्या चैत्रात मी त्याला माझ्या घरी नेलं. बायको गेली तेव्हा तिची लोकरीची शाल मी न धुता पेटीत ठेवली होती. धुतली तर तिचा वास जाईल. सून म्हणायची उन्हात टाकू, मी पेटीला हात लावू दिला नाही. आता पेटीतून केसाळ अळ्या निघत होत्या नि खिडकीत बारीक ठिपक्यांचे भुंगे मरून पडत होते.

त्यानं शाल उजेडात धरली. एका बाजूची जाळी झालेली, दुसरी बाजू धड.

"आजी एकाच कुशीवर निजायच्या, व्हय ना आजोबा?"

"तुला कोणी सांगितलं?"

"ह्या अळ्या म्हंजे कसर, ती घामाचं कापड आधी खाते. माणूस टेकलेला असतो, तिथंच. धुवा ही, न्हायतर उरलीसुरली आजी पण खाऊन टाकील."

"धुणार न्हाय."

त्यानं शालीची घडी करून पेटीत ठेवली नि गेला.

चौथ्या दिवशी मी ती धुतली. माझ्या हातानं.

आता तो गल्लीत दिसला, की त्याच्या बोटांना लागायच्या आत मी ओसरीच्या खुंटीवरचा माझा सदरा उचलून घरात नेतो.