स्त्रीबीजाचं पक्कं बिल

मंडळी, आज अकोल्यात एक फार हुशार बाई भेटली. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या जावेला मूल होत नाही. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घ्यावं लागेल. खर्च समजून घ्यायला मी, जाऊ आणि दीर दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी अडीच लाखांचं 'पॅकेज' सांगितलं. इंजेक्शनं वेगळी, तपासण्या वेगळ्या. गोऱ्या, शिकलेल्या बाईचं बीज हवं तर पन्नास हजार जास्त. साडीचे काठ दाखवणाराही इतक्या निर्लज्जपणे भाव सांगत नाही.

दीर कपाशी पेरतो. आमच्याकडे सरकीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट आणि पक्कं बिल पीक घरी येईपर्यंत जपतात. उगवलं नाही तर तक्रारीला लागतं. त्याने सरळ विचारलं, "म्याडम, पक्कं बिल भेटते ना? गर्भ नाई राह्यला तं कोनाले दाखवाचं?"

बाई खुदकन हसली. "काका, हे काय शेत आहे?"

चौतीस वर्षांचा दीर मान खाली घालून बसला.

तेव्हा जाऊ बोलली, "शेत नाई, तं गोऱ्या-काळ्याचा भाव काहून? अन् जिचं बीज घेता, तिले यातले किती देता?"

"ते सांगता येत नाही."

बसमध्ये जाऊ म्हणाली, "ताई, मूल तं मले पायजेच. सोमवारी पुन्हा तिच्याच समोर बसा लागन."

हे त्या बाईला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ती हसते.

तुमच्यापैकी कोणाला असं पक्कं बिल मिळालंय का? फोटो टाका. सोमवारी तिच्या टेबलावर ठेवायचा आहे.