एलियाहूची मूठभर कणीक

आम्ही पुणं सोडलं त्या दुपारी टॅक्सीवाला खाली हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि वर रास्ता पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आई अजून पोळ्याच लाटत होती. विमानात जेवण देतात, हे माझ्या नवऱ्याने तिला परोपरीने सांगून पाहिलं. "देत असतील. खाण्यासारखं असतं का, ते सांगा," एवढंच ती म्हणाली. आदल्या संध्याकाळी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा झाला होता. भिजवलेल्या पोह्यांना गूळ-खोबरं लावून वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. आम्हा बेने इस्राएलांच्या घरात लग्न असो, आजार असो की प्रवास, या संदेष्ट्याच्या कानावर घातल्याशिवाय पान हलत नाही. निघताना मी चौकटीवरच्या मेझुझाला, पवित्र वचनाच्या त्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवली. आई कणकेच्या हातांनीच दारात आली. "जा आता. मागे वळून बघू नकोस, लोताच्या बायकोसारखा मिठाचा खांब होशील. मीठ घरात भरपूर आहे."

मी वळून बघितलंच. ती आत निघून गेली होती.

ती आमच्याबरोबर आली नाही, कारण बाबांची कबर पुण्यात होती. तुमचं इस्राएलमध्ये बस्तान बसू दे, मग मला न्यायला ये, असं ठरलं होतं. मी येईन याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिला कशाबद्दलच शंका नसायची, आणि त्याचं मूळ होतं तिच्या कणकेच्या डब्यात.

तिची एक गोष्ट होती. एलियाहू राजासमोर उभा राहिला आणि म्हणाला, आता पाऊस नाही, दंवसुद्धा नाही. मला आणि शेजारच्या मुलांना हे कळावं म्हणून ती सांगायची, "खडकवासल्याचा तळ दिसेल म्हणाला." मग दुष्काळ पडला आणि तो संदेष्टा स्वतःच उपाशी, एका विधवेच्या दारी गेला. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थेंबभर तेल. त्याची एक भाकर करून लेकाबरोबर खायची आणि मग मरायचं, असं तिने ठरवलेलं. एलियाहू म्हणाला, आधी मला कर. इथे आई दरवेळी थांबायची आणि आमच्याकडे बघायची. "काय धीट माणूस! पण तिने केली." त्यानंतर दुष्काळ सरेपर्यंत त्या बाईचं मडकं रिकामं झालं नाही.

म्हणून आमच्या घरी कणकेचा पितळी डबा कधी खरवडला जात नसे. तळाशी एक मूठ राहायलाच हवी, ती एलियाहूची. गिरणीतून नवं दळण आलं की त्याच मुठीवर ओतायचं. आणि सकाळची पहिली लहान पोळी जो कोणी दारी येईल त्याची, कारण एलियाहू वेश पालटून येतो. आमच्याकडे ती पोळी पेपरवाल्याने खाल्ली आहे, मीटर बघायला येणाऱ्याने खाल्ली आहे, आणि वर्गणी मागायला आलेल्या मंडळवाल्यांनी तर वर लोणचंही मागितलं आहे.

पेसाहच्या सणात मात्र पंचाईत व्हायची. तेव्हा आठ दिवस घरात कणकेचा कण ठेवायचा नसतो. डबा रिकामा करायचा नाही आणि घरात ठेवायचाही नाही! यावरचा तोडगा म्हणजे शेजारच्या कुसुममावशी. त्या बौद्ध, सरकारी कचेरीत नोकरीला होत्या. सणाच्या आदल्या दिवशी आई डबा त्यांच्याकडे नेऊन द्यायची आणि सण संपला की त्या तो परत आणून द्यायच्या. "माझा तुमच्या देवावर विश्वास नाही," त्या म्हणत, "पण तुमच्या डब्याला माझ्या फळीवर जागा आहे."

इकडे अश्दोदला आल्यावर मी उलपानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या भाषावर्गात, हिब्रू शिकले आणि मग मेटापेलेतचं काम धरलं. म्हणजे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची. त्यांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, घास भरवायचा. आमच्यातल्या ज्या बायका इकडे आल्या, त्यांतल्या कितीतरी हेच करतात, मी काही वेगळं सांगत नाही. गेली काही वर्षं माझ्याकडे शोशाना नावाच्या आजी आहेत. त्यांची मुलं हाकेच्या अंतरावर राहतात आणि मला म्हणतात, तू नसतीस तर आमच्या आईचं काय झालं असतं. मी हसते. माझ्या आईचं काय होत होतं, ते मला फोनच्या पडद्यावर दिसत होतं.

तिला न्यायचं दरवर्षी ठरायचं. कधी कागद अडायचे, कधी माझ्या मुलीची परीक्षा, कधी आईच म्हणायची, पुढच्या पेसाहला. मग ती विसरायला लागली. आधी गॅस, मग वार, मग माणसं. एका सकाळी मी व्हिडिओ कॉल केला तर तिने पदर सावरला आणि अदबीने विचारलं, "अहो, आपण कोण?" जन्मात तिने मला कधी अहो म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, रूबी. ती म्हणाली, "छान नाव आहे. माझ्या लेकीचंही हेच."

डबा मात्र ती विसरली नाही. मी पाठवलेली शाल घेऊन एक दाढीवाला कुरियरवाला आला, तर तिने त्याला आत बसवलं, एलियाहूची पोळी वाढली आणि विचारलं, "आलात? लेकीला आणलंत का?" त्या बिचाऱ्याने पोळी खाल्ली आणि सही मागितली. कुसुममावशींनी मला हे फोनवर हसत हसत सांगायला सुरुवात केली होती. पुढे त्यांनाही हसवेना.

यंदा मी तिकीट काढलं. पेसाह तिच्याबरोबर करायचा आणि तिला घेऊनच परतायचं. सगळे कागद झाले होते. आणि युद्ध पेटलं, विमानं रद्द झाली. सायरन वाजला की मी शोशानाआजींना धरून घरातल्या सुरक्षित खोलीत न्यायची आणि त्या मला म्हणायच्या, सावलानूत, धीर धर. पेसाहच्या मधल्याच एका दुपारी मी त्यांना सूप भरवत होते, तेव्हा कुसुममावशींचा फोन आला. आई खुर्चीत बसल्या बसल्याच गेली. आमच्यात मातीला उशीर करत नाहीत. कडीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. तेवढे जमले का, हे मी विचारलं नाही. शोशानाआजींचं सूप संपवलं.

एलियाहूवर माझा राग आहे. त्याचा इशारा खरा झाला, सगळाच्या सगळा. दुष्काळ सांगितला होता, तो आला. ज्या भरवशाच्या बदल्यात मडकं भरलेलं राहायचं होतं, तो भरवसा माझ्या आईने मरेपर्यंत सोडला नाही. तिने काय मागितलं होतं? एक मुलगी दारात यावी, बस.

विमानं पुन्हा सुरू झाल्यावर मी पुण्याला गेले. घर आवरलं. मालकाला किल्ली द्यायच्या दिवशी कुसुममावशी दारात आल्या, हातात पितळी डबा. सणात त्यांच्याकडे गेला होता, तो परत न्यायला कोणी आलंच नव्हतं. "मी हात लावला नाही. माझा नव्हता ना," त्या म्हणाल्या. मी झाकण काढलं. कणकेला जाळी धरली होती, किडे वळवळत होते. त्या हळूच म्हणाल्या, "चाळून घे. मूठभर तरी निघेल." मी ती मोरीत ओतली आणि डबा घासला. मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग मला जवळ घेऊन त्या रडल्या. मला रडू आलं नाही.

घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी अश्दोद सांगते. पेठेतल्या त्या खोल्यांत आता दुसरे भाडेकरू आहेत. माझं घर म्हणाल तर तो डबा, इथे ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेला. त्यात मी काही भरत नाही. मी भरली तर ती दुकानातून आणलेली कणीक असेल, एलियाहूने आईला कबूल केलेली नव्हे. विश्वास माझा केव्हाच गेला. तरी रोज सकाळी कामावर निघण्याआधी मी झाकण उघडून आत बघते. काही नसतं. झाकण लावते आणि शोशानाआजींना भरवायला जाते.