जर्मन गोचीड

"तेरा साला सच में बीमार है क्या?" फोरमनने विचारलं, आणि मी म्हणालो, "नाटक करता है." मेहुण्याचा व्हिसा त्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता, हे मला ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मीच त्याला बहारीनला आणलं होतं. हमद टाउनमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो. कंपनीने त्याला एसीच्या ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं. तिथल्या रानात त्याला गोचीड चावली. लाल गोल चट्टा उठला, ताप आला. डॉक्टरने लाइम नावाचा आजार सांगून गोळ्या दिल्या, ताप उतरला. पण परत आल्यावर कित्येक महिने त्याचे गुडघे आखडायचे, थकवा जात नव्हता, पाना कशाला हातात घेतला तेच आठवायचं नाही. इथला डॉक्टर म्हणाला, "औषधं पूर्ण झालीत. काहींना त्रास नंतरही राहतो, का ते सांगता येत नाही."

मला पटेना. लहानपणी बैलांच्या गोचिड्या आम्ही बोटांनी उपटायचो. कोण आजारी पडलं होतं?

"दाजी, तुमच्या गोचिड्या गरीब. मला जर्मन चावली," तो हसायचा.

हसतो म्हणजे खोटं, असं मी धरून चाललो. शुक्रवारी जयंतीच्या कार्यक्रमाच्या तालमीत तो लेझीम खेळला, शनिवारी अंथरुणातून उठेना. जवळच्या रिफा गावात जाऊन तो चोरून बाहेरची कामं करत असणार, अशी माझी खात्रीच झाली.

फोरमनशी बोललो त्याच्या दुसऱ्या सकाळी ड्यूटीला जातो असं सांगून मी समोरच गाडीत दबा धरून बसलो. बऱ्याच वेळाने तो जिन्याच्या जाळीतून दिसला. अंगात कंपनीचा शर्ट, आणि बसून एकेक पायरी घसरत खाली येत होता. शेजारीण वर येताना दिसली तसा कठडा धरून उभा राहिला, तिला सलाम केला. ती गेल्यावर पुन्हा बसला. खाली पोचून लंगडत कंपनीच्या बसकडे निघाला.

मी तसाच माझे शब्द मागे घ्यायला फोरमनकडे गेलो. "मफी फायदा, अब कुछ नहीं होगा," तो म्हणाला. "व्हिसा रिन्यू नहीं करने का कागज ऑफिस में गया. तूने ही बोला था ना?"

संध्याकाळी मेहुण्याला सगळं सांगितलं. पाळत ठेवल्याचंही.

"ताईला कळवलंत?"

"नाही. आधी तुला सांगायचं होतं. तू दुखणं सांगत होतास आणि मी तुला चोर ठरवलं. माझं चुकलं. मला माफ कर."